माल्वाच्या मापाचे खोगीर

मी एक जुने खोगीर आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तूंनी हळू आवाजात, डोळे पुसत बोलावे अशी रीत आहे. मोडकी छत्री तशी बोलते, फाटका जोडा तसा बोलतो. मला ते जमणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करते. माझ्यावर कधीही कोणी बसलेले नाही. या संग्रहालयात येणारी मुले मला पाहून विचारतात, "यावर सरदार बसायचा का?" नाही बसायचा. मी ओझ्याचे खोगीर आहे. माझ्या डाव्या अंगाला मशीनगन लटकायची, उजव्या अंगाला तिची लोखंडी तिवई, आणि जिकडे वजन कमी पडेल तिकडे गोळ्यांचा डबा. पोलंडच्या पूर्वेला, दलदलीचा मुलूख सुरू होतो तिथल्या एका गावात उलानांची म्हणजे भालाईत घोडेस्वारांची पलटण होती. तिच्या मशीनगनच्या तुकडीत मी चाकरी केली. एक मोठे युद्ध होऊन गेले होते, दुसरे अजून यायचे होते. मधल्या काळात माणसांना परेडचे फार वेड होते.

तुमच्या भाषेत फुकटच्या भरताडाला 'खोगीरभरती' म्हणतात, असे मी ऐकून आहे. ज्याने हा शब्द काढला त्याला एकदा घोडा करून माझ्याखाली उभे करायला हवे होते. माझ्या गाद्यांमध्ये घोड्याचे केस भरलेले आहेत, मूठमूठ तोलून, कुठे दाट, कुठे विरळ. त्या भरतीवरच घोड्याची पाठ जगते किंवा मरते. म्हणूनच मी इतके चिडून बोलते आहे.

मला हेर्शने घडवले. हेर्श गावातला ज्यू जिनगर होता आणि पलटणीची सगळी चामड्याची कामे त्याच्याकडे यायची. ज्या घोडीसाठी मला करायचे होते तिचे नाव माल्वा. तांबड्या रंगाची, रुंद पाठीची, शांत डोळ्यांची घोडी. हेर्शने शिशाची मऊ पट्टी तिच्या पाठीवर दाबून वळण घेतले आणि तेच वळण माझ्या लाकडी सांगाड्याला दिले. माल्वाला गुदगुल्या होत होत्या. ती एकसारखी कातडी थरथरवत होती.

"नीट उभी राहा ग बाई," हेर्श तोंडातल्या टाचण्या सावरत म्हणाला. "लग्नाचा पोशाख शिवतोय तुझा."

माल्वाचा लगाम धरून फ्लोरियन उभा होता. तो शेतकऱ्याचा मुलगा, सक्तीच्या नोकरीवर पलटणीत आलेला, लांब मानेचा आणि निमुळत्या डोक्याचा. "हेर्शकाका, हिची पाठ म्हणजे टेबल आहे, टेबल," तो अभिमानाने म्हणाला. "जेवायला बसावं."

"टेबल आहे तेच बरं. तुझ्या डोक्याच्या मापाचं करायचं असतं तर अख्ख्या पलटणीच्या शेपट्या कापल्या असत्या तरी केस पुरले नसते."

मी तयार झाले तेव्हा माझ्या पुढच्या कमानीवर तापल्या लोखंडाने एकोणीस हा आकडा डागला. माल्वाच्या पुढच्या खुरावरही एकोणीसच होता. आमच्या पलटणीची ही जुनी रीत होती. जो आकडा घोड्याच्या खुरावर, तोच त्याच्या खोगिरावर. एकाचे खोगीर दुसऱ्यावर चढवायचे नाही, कोणी मागितले तरी नाही. आमची ती लग्नगाठच होती म्हणा.

पुढची वर्षे चांगली गेली, हे रागातही कबूल करायला हवे. मशीनगनचे कौतुक व्हायचे. तिला तेल, तिला कापडाचा बुरखा, पलटणीच्या सणाला पाद्रीबाबा तिच्यावर पवित्र पाणी शिंपडायचे. मला कोणी शिंपडले नाही. मला त्याचे काही वाटत नव्हते, कारण फ्लोरियन रोज एक काम करायचा. ओझे चढवण्याआधी आणि उतरवल्यानंतर तो माझ्याखाली हात घालायचा आणि माल्वाची पाठ बोटांनी चाचपायचा. कुठे गरम आहे का, कुठे केस उलटे वळलेत का, एखादा काटा अडकला आहे का. गोळीबारात एका बाजूचा डबा रिकामा झाला की तो धावत यायचा आणि दुसऱ्या बाजूचा डबा इकडे आणून माझा तोल सांभाळायचा. तोफा वाजोत की मशीनगन, माल्वा कान हलवत नसे. एकदाही तिच्या पाठीवर साधा फोड आला नाही. हे मी आयुष्यात केलेले सगळ्यात मोठे काम आहे आणि संग्रहालयाच्या पाटीवर त्याचा एक शब्दही नाही.

मग जुने कॅप्टन बदलून गेले आणि कॅप्टन वोलान्स्की आले.

त्यांना रंगाचे वेड होते. खरे तर सगळ्या पलटणीलाच होते. पहिल्या तुकडीचे घोडे तांबडे, दुसऱ्या तुकडीचे बदामी, बिगूलवाल्यांचे पांढरे आणि आम्हा मशीनगनवाल्यांचे काळे. माल्वा तांबडी असूनही आमच्यात होती, कारण जुने कॅप्टन तिच्या कानांवर खूश होते. नव्या कॅप्टनांनी पहिल्याच दिवशी रांगेसमोर उभे राहून नाक मुरडले.

"हवालदार, हा तांबडा डाग कसला?"

कुलेशा हवालदार म्हणजे पागेचा राजा. पिंपासारखे पोट आणि दाट मिशा. "डाग नाही साहेब, माल्वा आहे. मशीनगनची घोडी."

"आपल्या तुकडीचा रंग कोणता?"

"काळा, साहेब."

"मग?"

कुलेशाने मिशीचे टोक चावले. "गोळीबारात कान हलवत नाही, साहेब."

"सणाला जनरल येणार आहेत. ते काय तिचे कान बघायला येणार आहेत?"

एवढ्यावर निकाल लागला. दुसऱ्या एका तुकडीकडून गाव्रोन नावाचा काळाभोर घोडा मागून आणला गेला आणि माल्वा पागेत बिनकामाची उभी राहिली. गाव्रोनवर माझा राग नाही. तो देखणा होता, भला होता, आणि त्या सगळ्या तमाशात त्याला कोणी काही विचारले नव्हते. पण त्याची पाठ अरुंद होती आणि खांद्यामागचा उंचवटा कौलारू छपराच्या आढ्यासारखा वर आलेला होता. मी माल्वाच्या रुंद पाठीसाठी वाकवलेले. त्याच्या पाठीवर मी टेकणार कुठे? मी त्या हाडावरच टेकले.

आकडा जुळावा म्हणून त्यांनी काय केले, ऐका. माझ्या कमानीवरचा एकोणीस कानशीने घासून काढला आणि तिथे बत्तीस डागला. गाव्रोनच्या खुरावर बत्तीस होता ना! कागदोपत्री लग्न लागले.

हेर्शला बोलावणे गेले, गाद्या उसवून नव्याने भर म्हणून. पण त्याच्या सणांचे दिवस सुरू होते आणि सणात तो सुईला हात लावत नसे. त्याने निरोप धाडला की सण संपले की लगेच येतो, तोवर त्या घोड्यावर हे चढवू नका. तोवर पलटणीचा सण निघून गेला असता. कॅप्टन म्हणाले, थांबायला वेळ नाही. कुलेशाला हे सगळे कळत होते. पागेत त्याचे केस पांढरे झाले होते, त्याला कळणार नाही तर कोणाला? तरी तो म्हणाला, "एक जादा घोंगडी घाल खाली. भागेल."

जादा घोंगडीने भागत नाही, मित्रांनो. ज्याला जोडा चावतो त्याला जाड मोजे घातले तर जोडा अजूनच चावतो. सरावाच्या पहिल्या दिवसांत गाव्रोनच्या पाठीला नुसती गरमी आली. मग सूज आली. मग केस झडले, आणि एके दिवशी कातडी फाटून माझी गादी ओली झाली. मला ओरडता येत नव्हते. मी करकरत होते, चामड्याला तेवढेच येते. फ्लोरियनने हात घातला, बोटे पाहिली आणि तसाच कुलेशाकडे गेला.

"साहेब, पाठ फाटली. ह्याच्यावर आता घोंगडीसुद्धा टाकायची नाही. महिनाभर तरी मोकळा सोडायला हवा."

"सणापर्यंत ढकल."

"नाही ढकलता येणार. मांस दिसतंय."

कुलेशाने इकडे तिकडे पाहिले आणि त्याला कोपऱ्यात ओढले. "हे बघ लेका, तुझ्या डोक्यात शिरतंय का बघ. साहेबांनी माल्वाला घोडेबाजारात काढायचं ठरवलंय. परेड नीट पार पडली, साहेब खुशीत आले, की मी म्हणेन, साहेब, पाण्याच्या गाडीला एक घोडी हवी आहे. गाडी मागे असते, तिथं रंग कोण बघतो? माल्वा राहील. पण तू आज बोंब मारलीस तर साहेबांचं डोकं फिरेल, तुला आत टाकतील आणि माल्वाला उद्याच हाकलतील. बोल आता."

फ्लोरियन बोलला नाही.

मी त्याला दोष देते का? देते. माल्वाला वाचवायला त्याने गाव्रोनची पाठ विकली. त्याच्या जागी मी असते तर काय केले असते, हा प्रश्न मला विचारू नका. मी त्याच्या जागी नव्हते, मी त्या जखमेवर होते.

सणाच्या सकाळी कुलेशाने बुटाच्या पॉलिशची डबी आणली. घोंगडीच्या कडेबाहेर जखमेचा लालसर काठ दिसत होता, तो जनरलना दिसू नये म्हणून. फ्लोरियनने लगाम घट्ट धरला आणि मान वळवली. कुलेशाने दोन बोटांनी तो काठ काळा केला आणि मग मला त्यावर चढवले. मित्रांनो, मी चामडे आहे. पॉलिश माझ्यासाठी असते. उघड्या मांसासाठी नसते. गाव्रोनने पाय आपटला नाही की दात दाखवले नाहीत. नुसता उभ्या जागी घामाने भिजला. आणि मी त्याच्यावर बसून होते, तिवई, मशीनगन आणि डब्यांसकट.

पलटणीचा सण मोठा थाटाचा असे. सकाळी प्रार्थना, मग परेड, मग कवायतीची प्रात्यक्षिके, आणि मग गावकऱ्यांसह सगळ्यांना मोठ्या कढयांतून वाटाण्याचे दाट सार आणि डुकराचे मांस. गावच्या बायका ठेवणीतले रुमाल बांधून आल्या होत्या. बँड वाजत होता. जनरल म्हातारे आणि ठेंगणे होते, एका गुडघ्याने लंगडत होते. ते आमच्या रांगेपुढे आले आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा, वोलान्स्की! एकेक घोडा दौतीतून बुडवून काढल्यासारखा!"

कॅप्टनांची छाती फुगली. जनरल नेमके गाव्रोनसमोर थांबले. जनरल लोक थांबतातच कोणाजवळ तरी, तशी पद्धत असते.

"काय रे पोरा, घोडा कसा आहे?"

फ्लोरियनचा हात लगामावर होता. गाव्रोनची पाठ माझ्याखाली थरथरत होती. एक वाक्य पुरले असते. घोंगडी उचला साहेब, एवढेच.

"ठीक आहे, साहेब!" फ्लोरियन ओरडला. बाजूला कुलेशाने हळूच श्वास सोडला.

"शाब्बास," जनरल म्हणाले आणि लंगडत पुढे गेले.

मग प्रात्यक्षिक झाले. भरधाव दौडत यायचे, मंडपासमोर एकदम थांबायचे, मशीनगन उतरवून तिवईवर चढवायची आणि नुसत्या आवाजाच्या पोकळ गोळ्यांचा बार काढायचा. आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत ती जादा घोंगडी घामावरून घसरली. मी उजवीकडे कलले. तिवईचे सगळे वजन एका कडेला आले आणि ती कड उघड्या जखमेत गेली. गाव्रोन जसा किंचाळला तसा घोडा किंचाळताना मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही कधी नाही. तो उधळला, पुढच्या पायांवर कोसळला, पोटाखालचा तंग तुटला आणि मी, तिवई आणि पलटणीची लाडकी मशीनगन मंडपासमोरच्या चिखलात जाऊन पडलो. बँड थांबला.

"खोगीर!" कॅप्टन धावत येत ओरडले. "खोगीर खराब आहे! कोणी केलं हे खोगीर?"

ऐकलेत? मी खराब. हेर्श खराब. काळा रंग तेवढा चांगला!

जनरल लंगडत आले. ते मूर्ख नव्हते, हेच जास्त वाईट. तरुणपणी घोड्यावरच वाढलेला माणूस. त्यांनी वाकून गाव्रोनच्या पाठीवरची घोंगडी उचलली, खाली हात घातला आणि बाहेर काढला. हात काळा आणि लाल झालेला होता. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिले, मग कॅप्टनांकडे पाहिले, मग फ्लोरियनकडे. मला वाटले, आता. आता हा म्हातारा काहीतरी बोलेल.

त्यांनी खिशातून रुमाल काढला, एकेक बोट पुसले आणि म्हणाले, "चला वोलान्स्की, सार थंड होतंय."

माझ्या रागाचे सगळे झरे त्या एका वाक्यापाशी उगम पावतात.

दुपारी फ्लोरियन पागेत धावत आला. माल्वाची जागा रिकामी होती. सकाळी इकडे पॉलिश चालले होते तेव्हाच कॅप्टनांच्या हुकुमावरून पशुवैद्याचा माणूस तिला बाजारात घेऊन गेला होता. कुलेशा शपथेवर सांगत होता की त्याला काही ठाऊक नव्हते, आणि मला वाटते ते खरे होते. फ्लोरियनने त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. हवालदारावर हात टाकला म्हणून त्याला कोठडीत घातले. गाव्रोनच्या पाठीत पू हाडापर्यंत पोचला होता. आठवड्याभरात घोड्याचे मांस विकणारा एक कसाई आला आणि त्याला गाडीमागे बांधून घेऊन गेला. सहा वर्षांचा जवान घोडा. निरोप द्यायला कोणी आले नाही. माझी रवानगी मोडीच्या ढिगात झाली आणि तिथूनच मी त्याच्या टापा दूर जाताना ऐकल्या.

आता पुढचा भाग ऐका. संग्रहालयात सगळ्यांना हाच भाग आवडतो.

काळ्या घोड्याची जागा भरायची होती. कॅप्टन स्वतः बाजारात गेले आणि एक काळी घोडी घेऊन आले. "कोळशासारखी आहे, कोळशासारखी," ते सगळ्यांना सांगत होते. मोकळे खोगीर दुसरे नव्हते, म्हणून कुलेशाने शिव्या देत मला मोडीतून ओढून काढले आणि तिच्या पाठीवर टाकले.

मी बसले. नुसते बसले नाही, मित्रांनो, घरी आले. कुठे फट नाही, कुठे टोचणे नाही. माझ्या लाकडाला ती पाठ ओळखीची होती. कुलेशाचा हात थांबला. त्याने मला उजवीकडून ढकलून पाहिले, डावीकडून ढकलून पाहिले. मी तसूभर हलले नाही. त्याने घोडीच्या मानेवर तळवा घासला आणि तळव्याकडे पाहिले. तो काजळासारखा काळा झाला होता. त्याने खूर उचलला. आकडा घासलेला होता, पण एकाची उभी रेघ आणि नवाचे शेपूट अजून पुसट दिसत होते. व्यापाऱ्याने ओळखले होते की मशीनगनवाल्यांना काळा घोडा हवा आहे, आणि त्याने माल्वाला रंगवून आमच्याच कॅप्टनला परत विकले होते.

कुलेशा ओट्सच्या पोत्यावर बसला आणि पोट धरून इतका हसला की त्याला खोकला लागला. मग डोळे पुसून कोठडीकडे गेला. येताना त्याच्यामागे फ्लोरियन होता, दाढी वाढलेला, तोंड पाडलेला.

"नवी घोडी आली आहे. तुझ्या ताब्यात देतोय," कुलेशा म्हणाला.

"नको मला. तुमचे काळे तुम्हीच सांभाळा."

"आधी बघ तर खरं, गाढवा."

माल्वाने नाक पुढे करून फ्लोरियनचा खिसा हुंगला. त्या खिशात तो तिच्यासाठी राय धान्याच्या पावाची कड ठेवायचा. फ्लोरियनने तिच्या मानेत तोंड खुपसले आणि कितीतरी वेळ वर केलेच नाही. केले तेव्हा त्याचे दोन्ही गाल काळे झाले होते.

"थोबाड धू आधी," कुलेशा म्हणाला, पण मऊ आवाजात. "आणि अक्रोडाच्या साली गोळा कर. रंग उतरायला लागलाय."

तेव्हापासून ते दोघे मिळून माल्वाला रंगवत. अक्रोडाच्या साली, काजळी आणि व्हिनेगर एकत्र उकळायचे आणि बोळ्याने लावायचे. सगळ्या पागेला ठाऊक होते, फक्त कॅप्टनांना नाही. सगळे तोंड दाबून हसत. मी हसले नाही. माझ्या पुढच्या गादीत गाव्रोनचे रक्त वाळून कडक झाले होते. एकदा रंग लावता लावता फ्लोरियनचा हात त्या डागावर पडला आणि तिथेच राहिला.

"मी तेव्हा बोललो असतो तर," तो म्हणाला.

"तर तू कोठडीत गेला असतास आणि गाव्रोन तरीही परेडला गेला असता."

"गेला असता. पण मी बोललो असतो."

 कुलेशाने बोळा बुडवला आणि तो कामाला लागला. पुढे हेर्श आला तेव्हा कुलेशाने त्याला ती गादी बदलायला सांगितले. फ्लोरियन आडवा आला. "बाकीचं सगळं उसवा काका, हा डाग राहू दे. माल्वाला तो टोचत नाही." हेर्शने बोटांनी चाचपून खात्री केली आणि डाग राहू दिला.

वसंतात नदी ओलांडण्याचा सराव निघाला. अशा वेळी बंदुका आणि खोगिरे होडीतून जातात, घोडे उघड्या अंगाने पोहत जातात. मी होडीत होते, म्हणून सगळे नीट पाहिले. माल्वा काळी पाण्यात उतरली. मधोमध तिच्यामागे शाईसारखा पट्टा वाहायला लागला. पलीकडच्या काठावर ती चढली तेव्हा तांबडी होती, फक्त कानांवर आणि शेपटीवर काळे ओघळ. अख्खी तुकडी काठावर उभी होती.  कॅप्टन वोलान्स्की तिच्याभोवती एक फेरी मारून आले.

"हवालदार, ही घोडी कोणत्या रंगाची आहे?"

कुलेशाने टाचा जुळवल्या. "आपण विकत घेतलीत त्या रंगाची, साहेब."

कॅप्टनांचा चेहरा माल्वापेक्षा तांबडा झाला. आपलीच घोडी आपणच पैसे मोजून परत आणली, हे पलटणीभर होऊ द्यायचे की गप्प बसायचे? त्यांनी घसा खाकरला. "मागच्या रांगेत ठेवा तिला," ते म्हणाले आणि निघून गेले. ते वळणापलीकडे गेल्यावर जो हशा उठला त्याने काठावरची बदके उडाली.

कुलेशाने बत्तीसच्या शेजारी पुन्हा एकोणीस डागून घेतला. म्हणून माझ्या कमानीवर आज दोन आकडे आहेत. फ्लोरियनची मुदत संपून तो गावी गेला. काही वर्षांनी मशीनगनसाठी घोड्यांच्या गाड्या आल्या आणि आम्ही खोगिरे माळ्यावर गेलो. माल्वाचे पुढे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही. मग युद्ध आले, पलटण गेली ती परत आली नाही, हेर्शच्या गल्लीत एक माणूस उरला नाही. त्या रागाला माझ्याकडे शब्द नाहीत. पुष्कळ वर्षे एका शेतकऱ्याच्या गोठ्यात कोंबड्या माझ्यात अंडी घालत होत्या, आणि तिथून मी इथे आले.

इथे मला एका लाकडी घोड्यावर ठेवले आहे. तो पांढरा आहे, आणि अरुंद पाठीचा. मी डुगडुगते म्हणून माझ्याखाली पुठ्ठ्याची घडी खुपसली आहे. जादा घोंगडीच ती! इथल्या बाई प्रेमळ आहेत, त्या मुलांना रंगवलेल्या घोडीची गोष्ट रंगवून सांगतात. मुले हसतात. बाई हसतात. इतकी वर्षे झाली, पण काळ्या घोड्याची जागा रिकामी कशी झाली होती, हे एकाही मुलाने विचारलेले नाही. गाव्रोन हे नाव या दालनात एकदाही उच्चारले गेलेले नाही. ते मी आज उच्चारले.

तर मित्रांनो, मला तेल लावू नका, मला पुसू नका, माझी पाटीही बदलू नका. एक दिवस तुम्हीही मोठे व्हाल आणि कोणाच्या तरी पाठीवर काहीतरी लादाल. घोड्याच्या म्हणा, माणसाच्या म्हणा. वरून सगळे काळे, चकचकीत आणि एका रांगेत दिसेल. तेव्हा खाली हात घालून पाहा. आणि हात काळा-लाल निघाला, तर तो रुमालाला पुसून जेवायला जाऊ नका.